ओटीवरून : गिअरपेटी उतरवितांना

आमच्या ओटीवर आजवर अनेक विषयांचा खल झाला. परंतु मोटारीची गिअरपेटी हा विषय तेथें कधीं निघेल असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. तो निघाला, आणि नुसता निघाला नाहीं, तर तीन दिवस साऱ्या घरानें अंगणांत उकिडवें बसून त्याचा अभ्यास केला. त्या अभ्यासांत यंत्राविषयीं जें समजलें तें वाचकांपुढें ठेवावें, आणि त्या निमित्तानें आमच्याच मनावरचा एक गंज कसा उतरला तेंही प्रांजळपणें सांगावें, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

नंदुरबार हें मिरचीचें गांव. मार्गशीर्ष-पौषांत गांवाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला कीं वाटसरूंस शिंका आवरत नाहींत. आमचे धाकटे बंधु बियाण्यांचा व शेतीमालाचा व्यवहार पाहतात. त्यांची एक जुनी पिकअप गाडी आहे. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष कारखान्याचा नव्हे, वीस वर्षें वाहिलेल्या ओझ्याचा आहे. गेल्या पौषांत ही गाडी तळोद्याहून धडगांवाकडे जातांना चांदसैली घाटांत अडली. इंजिन गर्जत होतें, परंतु गाडी पुढें सरकत नव्हती, आणि खालून करपट वास येत होता. सातपुड्यांतले चढ ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस, भरलेली गाडी अशा जागीं मागें घसरण्याचें भय काय असतें, तें सांगावयास नको. चालकानें प्रसंगावधान राखून हातब्रेक ओढला, चाकांमागें दगड लावले, ओझें दुसऱ्या गाडींत चढविलें आणि रिकामी गाडी उतारानें कशीबशी परत आणली.

रोगाचें निदान अवघड नव्हतें. क्लचची तबकडी झिजली होती. परंतु ही तबकडी इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्यांत दडलेली असते. तिच्यापर्यंत पोंचावयाचें तर गिअरपेटी उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं. दुखणें दोन-तीन मिलिमीटरांचें, आणि शस्त्रक्रिया अर्ध्या गाडीची! गॅरेजांत विचारलें तों हंगामामुळें आठ दिवस गाडीस हात लागणार नाहीं असें कळलें. बंधु चिंतेंत पडले. तेव्हां त्यांचा नातू म्हणाला, "मोठे आजोबा, मी घरींच उतरवितों पेटी."

या मुलाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. वय एकोणीस. बारावीनंतर यानें स्वतःच्या हट्टानें आय. टी. आय. मध्यें मोटार-मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. घरांत एक सनदी लेखापाल, दोन अभियंते, एक सून महाविद्यालयांत अध्यापिका; त्यामुळें हा निर्णय आम्हां वडीलधाऱ्यांस रुचला नव्हता. उघड आम्ही कांहीं बोललों नाहीं. परंतु पाहुण्यांनीं "हा काय शिकतो?" असें विचारलें म्हणजे "इंजिनिअरिंगकडे आहे" असें मोघम उत्तर देत असूं. पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना सत्य बोलावयास शिकविलें, आणि घरच्या मुलाविषयींचें हें अर्धसत्य आमच्याच मुखांतून अनेक वेळां बाहेर पडलें. अशा वेळीं तो मुलगा बहुधा जवळच पाण्याचा तांब्या घेऊन उभा असे.

आतांही आमच्या तोंडीं "हें आपलें काम नव्हे" हेंच वाक्य आलें. बंधूंनीं मात्र निरुपायानें होकार दिला.

पुढील हकीकत समजण्यास यंत्राचें तत्त्व थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बैल गाडी हलवितांना प्रथम सारें बळ लावतो आणि गाडी चालूं लागली कीं सैल पडतो. इंजिनाचें तसें नाहीं. तें अगदीं सावकाश फिरूं लागलें तर बंदच पडतें. त्याचा जोर ठराविक वेगांतच प्रकट होतो. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें दंतचक्रांची पेटी ठेवावी लागते. लहान चक्रानें मोठें चक्र फिरविलें कीं वेग घटतो आणि त्याच प्रमाणांत जोर वाढतो. अशा पिकअपच्या पहिल्या गिअरांत इंजिनाचे सुमारें चार फेरे होतात तेव्हां पेटींतून निघणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. मागच्या आंसापाशीं पुन्हां सुमारें चौपट घट होते. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हावयास इंजिनाला सोळा फेरे घालावे लागतात. घाट चढतो तो या हिशेबाच्या बळावर. आणि गिअर बदलतांना इंजिनाची शक्ति क्षणभर तोडून पुन्हां हलकेंच जोडणारी जी घर्षणाची तबकडी, तीच क्लचप्लेट.

इंजिन पुढें, त्याच्यामागें क्लच, मग सरकत्या दंतचक्रांची पेटी, आणि गति मागच्या चाकांस, ही मांडणी फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्यानें १८९१ सालीं रूढ केली. आमच्या अंगणांतली गाडी त्याच वंशांतली. आरंभीच्या पेट्यांत फिरत्या दांतांस फिरते दांत भिडवितांना मोठा खडखडाट होई. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत 'सिंक्रोमेश' ही युक्ति आली. तींत एक शंक्वाकृति कडें अगोदर दोन्ही चक्रांचा वेग सारखा करतें आणि मगच त्यांस एकमेकांत अडकूं देतें. आधीं गति जुळवावी, मग गांठ बांधावी. सोयरीक जुळविणाऱ्यांनींही लक्षांत ठेवावें असें हें सूत्र आहे.

पहिल्या दिवशीं नातवानें एकही बोल्ट सोडला नाहीं. गाडी फरसबंद अंगणांत सपाट जागीं घेतली, बॅटरीची ऋण बाजूची तार काढली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावले. आम्हीं म्हटलें, "गाडी गिअरांत टाकून ठेव, म्हणजे सरकणार नाहीं." तो म्हणाला, "मोठे आजोबा, गिअरपेटीपासून मागें जाणारा दांडा सोडला कीं गिअरचा चाकांशीं संबंधच उरत नाहीं. मग गिअर काय धरणार?" आम्ही गप्प बसलों. उत्तर बरोबर होतें, आणि आम्हांस तें सुचलें नव्हतें.

नंतर त्यानें पुढचा भाग जॅकनें उचलला, सांगाड्याखालीं दोन लोखंडी घोड्या लावल्या, आणि शिवाय पुढच्या चाकांखालीं सागवानी ओंडके सरकविले. यांत दुपार गेली. आमचा धीर सुटला. "जॅक एवढा भक्कम आहे, त्यावर गाडी उभी आहे, मग ही लांकडें कशाला? कामास लाग," असें आम्ही जरा करड्या सुरांतच म्हणालों. तो नम्रपणें, परंतु ठामपणें म्हणाला, "जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं जावयाचें नाहीं, हें आम्हांस पहिल्याच दिवशीं शिकविलें." काळोख पडला म्हणून काम तेवढ्यावर थांबलें. जॅक तसाच आधारास ठेवून सारे जेवावयास गेले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही देवपूजेस फुलें काढण्यास अंगणांत आलों आणि जागच्या जागीं थबकलों. जॅकमधील तेल रात्रींत झिरपून त्याचा माथा सांगाड्यापासून चार बोटें खालीं उतरला होता. गाडी घोड्यांवर आणि ओंडक्यांवर जशीच्या तशी उभी होती. आमच्या सांगण्याप्रमाणें घाई झाली असती तर तो मुलगा त्या वेळीं कोठें असता, हा विचार मनांत आला आणि हातांतली परडी थरथरूं लागली. आम्हीं हें घरांत कोणास सांगितलें नाहीं. आज येथें प्रथमच लिहीत आहों. नातवानें जॅक पाहिला, "सील गेलें याचें," एवढेंच म्हणाला, आणि शेजाऱ्यांचा दुसरा जॅक मागून आणला.

मग खरें काम सुरू झालें. आंत बसून गिअरचा दांडा काढला. पेटींतलें जुनें तेल परातींत काढून घेतलें. मागें जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वीं त्याच्या दोन्ही तोंडांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. परत बसवितांना रेघेस रेघ जुळली म्हणजे त्याचा तोल पूर्वीचाच राहतो, एरवीं गाडी थरथरते. वेगदर्शकाची तार आणि मागच्या दिव्याच्या तारा सोडल्या. क्लच दाबणारा तेलाचा लहान सिलिंडर त्याच्या नळीसकट बाजूस करून तारेनें टांगला. नळी सोडली नाहीं, म्हणजे आंत हवा शिरत नाहीं आणि ती काढण्याचा पुढचा खटाटोप वांचतो. स्टार्टर काढला. प्रत्येक जागेचें छायाचित्र सुनेनें आपल्या फोनवर घेतलें.

सुटे बोल्ट कोठें ठेवावे हा प्रश्न निघाला तेव्हां आमच्या वहिनींनीं जुना मसाल्याचा डबा पुढें केला. सात वाट्या, प्रत्येकींत एकेका जागेचे बोल्ट आणि कागदाची चिठ्ठी. एवढी सोयीची योजना महागड्या कारखान्यांतही क्वचित् असेल. तो डबा पाहून आम्हांस एक शब्द आठवला. वेदकालीन रथाच्या आंसाच्या टोंकास चाक निसटूं नये म्हणून जी खीळ असे तिला संस्कृतांत 'आणि' म्हणतात. मराठींतील 'आणि' ह्या अव्ययाशीं तिचें नातें नाहीं, हें आम्ही वर्गांत नेहमीं बजावून सांगत असूं. तथापि काम दोघांचेंही एकच: जोडलेलें सुटूं न देणें. इतकीं वर्षें हा शब्द शिकविला, पण खीळ हातांत धरून पाहिली ती त्या दिवशीं.

पेटी मोकळी करण्यापूर्वीं इंजिनाखालीं लांकडी ठोकळा ठेवून त्यास जॅकचा आधार दिला. कारण मागची आडवी पट्टी काढली कीं इंजिनाचा मागचा भाग खालीं झुकतो. पेटीखालीं चाकांचा जॅक लावला आणि खाटेची जुनी नवार तिच्याभोंवतीं गुंडाळून बांधली. अशा पेटीचें वजन नमुन्याप्रमाणें चाळीस-पन्नास किलो भरतें. छातीवर पडल्यास माणूस उठावयाचा नाहीं. आतां इंजिनाशीं जोडणारे बोल्ट. सर्वांत वरचा बोल्ट दिसतही नव्हता. त्यावर आदल्या दिवशींच गंज सोडविणारें तेल घालून ठेवलें होतें. आमच्या हातीं विजेरी देण्यांत आली. कांहीं वेळानें गाडीखालून आवाज आला, "मोठे आजोबा, उजेड माझ्या डोळ्यांत नको, बोल्टावर धरा." हजारों विद्यार्थ्यांस 'लक्ष कोठें आहे?' असें विचारणाऱ्यास हें ऐकावें लागलें, आणि तें योग्यच होतें. लांब दांडीच्या पान्यानें तो बोल्ट शेवटीं सुटला.

पुढचा क्षण सर्वांत नाजूक. पेटीचा पुढचा दांडा क्लचच्या तबकडींतून आरपार गेलेला असतो. पेटी सरळ रेषेंत मागें ओढली पाहिजे. ती मध्येंच लोंबूं दिली तर सारा भार त्या दांड्यावर येतो आणि तबकडी वांकते. पहारीनें उचकटावयाचें नाहीं. नातवाचे वडील एका बाजूस, चालक दुसऱ्या बाजूस, आणि मुलगा खालून "थोडें... थोडें... थांबा" असें सांगत होता. पेटी हळूहळू मागें सरली आणि जॅकवर टेकून खालीं आली. साऱ्या अंगणानें निःश्वास सोडला.

आंत पाहिलें तों तबकडी रिव्हेटांपर्यंत झिजलेली, आणि रिव्हेटांनीं समोरच्या चक्रावर बारीक ओरखडे काढलेले. इंजिनाच्या मागच्या सीलपाशीं तेलाचा ओलावाही होता. येथें एक इशारा दिला पाहिजे. जुन्या क्लचप्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत, आणि कोणत्या तबकडींत तें आहे हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर अनेक वर्षांनंतरही प्राणघातक रोग उद्भवतो. म्हणून ती धूळ फुंकूं नये, हवेच्या झोतानेंही उडवूं नये. मुखपट्टी बांधून ओल्या फडक्यानें पुसावी आणि फडकें पिशवींत बंद करावें. मुलांस त्या वेळीं दूर ठेवावें.

नातवाच्या सांगण्यावरून तबकडी, प्रेशरप्लेट, दोन्ही बेअरिंगें आणि मागचें सील हीं सर्व एकदमच बदललीं. "वस्तूंपेक्षां श्रम महाग आहेत, शंभर रुपयांच्या सीलसाठीं पुन्हां हें सारें उतरवावयाचें काय?" हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. नवी तबकडी अगदीं मध्यावर बसावी म्हणून सुतारानें पेटीच्या दांड्याच्या मापाचा एक लांकडी खुंट करून दिला. तो तबकडीच्या छिद्रांतून घालून मग प्रेशरप्लेट आवळावयाची आणि खुंट काढून घ्यावयाचा. प्राचीन रथकार हें पाहून संतुष्ट झाला असता.

तिसऱ्या दिवशीं पेटी परत चढविली. ती एक बोटभर अंतरावर अडली. नातवाचे वडील म्हणाले, "बोल्ट लावून आवळ, म्हणजे ओढली जाईल." मुलगा म्हणाला, "नको. अशानेंच पेटीचे कान तुटतात." त्यानें पेटी गिअरांत टाकली, मागचें तोंड हातानें किंचित् फिरविलें, दांड्याच्या खांचा तबकडीच्या खांचांशीं जुळल्या, आणि 'खट्' असा आवाज होऊन पेटी आपल्या जागीं गेली. बळानें जें झालें नसतें तें दोन अंश फिरविल्यानें झालें. शेवटीं पातळीच्या छिद्रांतून थेंब बाहेर येईपर्यंत नवें तेल भरलें. हें तेल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. मागच्या आंसासाठीं असलेल्या तीव्र गंधकयुक्त तेलांपैकीं कांहीं जुन्या पेट्यांतील पितळी कड्यांस बाधतात. काढलेलें तेल मातींत किंवा गटारांत ओतूं नये. डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावें.

वाचकांनीं हें वाचून उद्यांच गाडी उलगडावी असें आमचें म्हणणें नाहीं. सपाट पक्की जागा, भक्कम घोड्या, किमान दोन धट्टीं माणसें, आणि ज्यानें हें काम गुरूजवळ बसून पाहिलें आहे असा एक जाणता, एवढें नसेल तर गॅरेजवाल्याचे आठ दिवस परवडले. आणि हें सर्व असेल तर त्या जाणत्याचें वय किंवा पदवी न पाहतां त्याचें ऐकावें.

आपल्या समाजांत लेखणीस जो मान आहे तो पान्यास नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें आणि पुढें लोखंडी नांगर करावयास घेतले; १९१० सालीं ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचें चरित्र आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें! परंतु तोच लक्ष्मणरावांचा मार्ग घरच्या मुलानें धरला तेव्हां आम्हीं पाहुण्यांपुढें शब्दांची चाळवाचाळव केली. झिजलेल्या क्लचसारखी आमची गति झाली होती: गर्जना पुष्कळ, आणि गाडी जागच्या जागीं.

चार दिवसांनीं तीच गाडी भरून चांदसैली घाट चढून धडगांवास गेली आणि सुखरूप परतली. फाल्गुनांत पुण्याहून एक जुने स्नेही आले. चहा घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "हा काय शिकतो?" मुलगा तांब्या घेऊन उभा होता. त्याची नजर जमिनीकडे होती. आम्हीं म्हटलें, "हा मोटार-मेकॅनिक होत आहे. दाराशीं उभ्या असलेल्या गाडीची गिअरपेटी यानें ह्याच अंगणांत उतरविली आणि चढविली. आम्ही त्यास विजेरी धरीत होतों."

त्यानें तांब्या खालीं ठेवला आणि प्रथमच आमच्याशेजारीं ओटीवर येऊन बसला.